आपल्या नावाचा दगड

रविवार, १८ जानेवारी, सकाळी आठ. बारवेवर हजर: अध्यक्ष, खजिनदार, गवंडी आणि त्यांचे दोन गडी, मेंढरंवाल्या मावशी, जुन्या गावातली पाच घरं (घर म्हणजे नवरा-बायको, मुलं धरली नाहीत), आमच्या कॉलनीतले सहा जण आणि मी. गैरहजर, कळवून: कोणी नाही. गैरहजर, न कळवता: श्रमदानाच्या पहिल्या रविवारी फोटोत पुढं उभे राहिलेले सगळे.

हजेरी मीच लिहिते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुठलं बेअरिंग कुठल्या खणात आहे, हे झोपेत विचारलं तरी मी सांगेन. बारवेसाठी समिती करायची ठरलं तेव्हा सचिव कोण, यावर सगळ्यांनी आधी एकमेकांकडं पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या वहीकडं. त्या वेळी ‘हंगामी’ असा शब्द वापरला होता. तो मी स्वतःच लिहून घेतला होता, म्हणून मला पक्का आठवतो.

इथं कुणाचंच नाव मी लिहिणार नाही. नाव कुठं लिहायचं आणि कुठं नाही, यावरून आमच्याकडं पुरेसं होऊन गेलं आहे.

त्या सकाळी मी खरं तर पाचोडला असायला हवं होतं. तिथं माझी आई एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं, पिकलाय, आता थांबू नका. आईची अट एकच होती: ऑपरेशननंतर महिनाभर लेक जवळ पाहिजे, थेंब सुनेच्या हातचे नकोत. सून पुण्याला असते आणि ती थेंब घालायला येणारही नव्हती; पण नको म्हणायचा मान आईला सोडायचा नव्हता. या महिन्यासाठी मी रजा साठवली होती. मार्चअखेर वापरली नाही तर ती बुडणार होती. ‘बारवेचं झालं की येते,’ असं मी आईला सांगितलं, तेव्हा बारवेचं म्हणजे तीन-चार रविवारांचं काम, असा माझा हिशेब होता.

“तुझी बारव हाय तरी किती खोल गं?” आई फोनवर म्हणायची. “दिवाळीपासून उतरतीयस. वर यायचं नाव नाय.”

बारव आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, हर्सूलच्या अंगाला. इथं पूर्वी जुन्या गावाची शेती होती. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटांवर आम्ही आलो आणि बारव तेवढी मधेच राहून गेली, कारण पायऱ्यांच्या विहिरीचा प्लॉट पाडता येत नाही. लोक तिच्यात निर्माल्य टाकायचे, मग गणपतीची आरास टाकायला लागले, मग गाद्या. आम्ही ती उपसली. गाळ निघाला, खाली गोड पाणी लागलं, आणि मग दिसलं की पूर्वेकडच्या पायऱ्यांची बाजू पोटातून फुगून ढासळली आहे. निम्मे दगड गाळात सापडले. बाकीचे नवे घडवून आणावे लागणार होते. त्याला वर्गणी हवी होती.

वर्गणीचं काम अध्यक्षांनी एका वाक्यात केलं. अध्यक्ष म्हणजे जुन्या गावातलं मोठं घर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. आमची निम्मी कॉलनी त्यांच्याच वावरात उभी आहे, आणि हे ते कधी बोलून दाखवत नाहीत, इतकं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मारुतीच्या देवळात सप्ताह संपला, काल्याच्या जेवणाला पंगती बसल्या होत्या. अण्णांनी माईक घेतला. “सरकारकडं हात पसरायचा नाही. प्रत्येक घरानं आपल्या नावाचा एक दगड बसवायचा. गरीब असो, श्रीमंत असो, एका घराला एकच दगड.”

वाक्य चांगलं होतं. मलाही आवडलं. मी पावती पुस्तकावर ‘बारवेसाठी एक दगड’ असं छापून घेतलं. लोक चालत घरी येऊन पैसे देऊ लागले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या भागात गणपतीच्या वर्गणीला एकाच दारात तीनदा जावं लागतं.

त्या १८ तारखेला गवंडीचाचांनी पहिला दगड साखळीनं उचलून भिंतीवर टेकवला आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला, ते हातानं चाचपून पाहिलं. तेवढ्यात जुन्या गावातल्या एका घरानं विचारलं, “नाव कोरणारा माणूस कवा येणार?”

“कसलं नाव?” मी म्हणाले.

“आमचं. आमच्या नावाचा दगड हाय ना?”

एवढंच पुरलं. प्रत्येक घरानं काय कोरायचं ते मनात ठरवून ठेवलेलं होतं. एकाला वडिलांचं नाव हवं होतं. एकाला नातवाचं, इंग्रजी अक्षरांत. कॉलनीतल्या एका जोडप्यानं दोघांची नावं आणि मध्ये कमळ असं कागदावर काढूनच आणलं होतं. वायरमन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “तारीख पण टाकायची. तारखेबिगर नावाला काय अर्थ नाय.”

आता कोरायचं तर नव्हतंच. जुन्या बांधकामांच्या जाणकार म्हणून एक बाई आम्हाला विनामूल्य सल्ला द्यायच्या. त्यांची पहिलीच अट होती: सिमेंट नाही, रंग नाही, नवीन अक्षर एकही नाही. ते मी सभेत वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी मानाही डोलावल्या होत्या. पण ‘नवीन अक्षर’ म्हणजे आपलंच नाव, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मग बाहेर फलक लावा,” खजिनदार म्हणाले. त्यांचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे; वाद झाला की तोडगा पुड्यात बांधून द्यावा तसा देतात.

“फलक नको,” अण्णा म्हणाले. “फलक आला की वरचं नाव आलं आणि खालचं नाव आलं.” मारुतीच्या देवळातल्या फलकावरून दोन भावकींत अबोला झाला, तो अजून चालू आहे. दोन्ही भावक्या त्या सकाळी हजर होत्या आणि बारवेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा जुन्या शहरातले. चुन्याचं काम जाणणारे फार थोडे उरलेत, त्यांतले. त्यांनी हात झटकले.

“नामां लिखने का रहता तो मैं कबरस्तान का काम लेता ना, बाई. उधर कोई झगडा भी नहीं करता.”

कुणी हसलं नाही. माझ्या मनात पावती पुस्तक उलटं फिरायला लागलं होतं. सगळ्यांना पैसे परत द्यायचे तर बारव पावसाळ्यात आणखी ढासळणार, आणि पैसे परत देत दारोदार हिंडायला पुन्हा मीच.

तेव्हा मेंढरंवाल्या मावशी बोलल्या. त्यांचं घर हर्सूलच्या वाटेवर आहे. थोरला मुलगा मेंढरं राखतो, धाकटा बिगारी काम करतो, स्वतः मावशी दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जातात. दगडाचे पैसे त्यांनी सगळ्यांत आधी आणून दिले होते. त्या पायरीवर बसून तंबाखू मळत होत्या.

“आमच्यात देवाच्या नावाची मेंढी सोडत्यात,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर काय देवाचं नाव लिवलेलं असतं व्हय? आन् देव काय वाचायला येतो का, माझी कंची म्हणून?”

“तसं नाही मावशी,” वायरमन म्हणाले.

“मग कसं? तुम्ही चहा पिता आन् म्हणता, एक कप तुमच्या नावाचा झाला. त्या कपावर नाव टाकता का?”

आता लोक हसले. भावकीच्या दोन्ही बाजू हसल्या. कमळवाल्या जोडप्यानं कागदाची घडी घातली. नावाचा म्हणजे नाव घेऊन बसवलेला, नाव लिहिलेला नव्हे, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊकच होतं, असा एकंदर सूर लागला. मला वाटलं, सुटलो.

मावशींनी तंबाखू तोंडात टाकली. “पण मेंढी कंची ते धन्याला ठावं असतं,” त्या म्हणाल्या. “आमचा दगड कंचा, ते आम्हाला दाखवलं पायजे.”

“ताई दाखवतील,” अण्णा म्हणाले.

अण्णा मला ताई म्हणतात. वयानं ते माझ्याहून मोठे आहेत, पण ताई म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

मग वाटप झालं. एकाला भावकीतल्या माणसाशेजारचा दगड नको होता. एकीला दर्शनी हवा होता, कोपऱ्यात दबलेला नको. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा कुणालाच नको होता. वरच्या ओळी भरल्या, मधल्या भरल्या, आणि खालच्या राहिल्या त्या मी कॉलनीतल्या लोकांना दिल्या, कारण कॉलनीतले लोक लिफ्टच्या रांगेतही मागं राहतात. सगळ्यात खालची पायरी एकसंध दगडाची होती, त्या भागातली सर्वात रुंद. तिच्या वरच्या कोनाड्यात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले तांदळे आहेत. ती कुणी मागेना.

“ती मला द्या,” मावशी म्हणाल्या.

“ती पाण्यात जाईल मावशी,” मी म्हणाले. “वर्षातून दोन महिनेसुद्धा दिसायची नाही.”

“जाऊ द्या. मेंढरं संगं असली की आम्हाला खाली उतरू देत नव्हते. लेंड्या पडत्यात म्हणून. वरच्या हौदावर थांबायचं आन् कुणी पाणी शेंदून घालंल त्याची वाट बघायची. आन् मेंढरं कवा संगं नसायची?” त्या हसल्या. “सासू मेली, पण तिनं तळ बघितला नाय. आता तळाचीच माझी.”

मी अण्णांकडं पाहिलं. आसरांची पूजा त्यांच्या घरातल्या सुना करतात. अण्णा चाचांच्या साखळीकडं पाहत होते. काही बोलले नाहीत. मी वहीत लिहिलं.

इथून पुढं मी अडकले. कशी, ते सांगते.

मला वाटलं होतं, एकदा दाखवलं की झालं. मी साधा आराखडा काढला: खालून तिसरी ओळ, डावीकडून सातवा, अमुक घर. त्याच्या प्रती वाटल्या. कुणालाच त्या नको होत्या.

“कागदावर काय ताई,” एक जण म्हणाला. “कागदावर तर एकच प्लॉट दोघांच्या नावावर असतो. तुम्ही बोट ठेवून दाखवा.”

आणि बोट ठेवून एकदा दाखवलं, तरी ते एकदाच नसे. जावई आले की दाखवा. लेक बाळंतपणाला आली की दाखवा. नवं जोडपं मारुतीला आलं की येताना बारवेवर, आणि बारवेवर आलं की माझ्या दारात. त्यांना स्वतःला दगड माहीत असायचा. वाटेत ते मला सांगायचे, खालून तिसरी, डावीकडून सातवा. पण पाहुण्यांसमोर बोट माझं पाहिजे. सचिवांनी दाखवलं म्हणजे खरं. कारखान्यात फोन यायचे, “ताई, अर्ध्या तासानं पाहुणे निघालेत.” मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायची, पायऱ्या उतरायची, बोट ठेवायची. पाहुणे दगडाला हात लावायचे. कुणी कुंकू लावू लागलं की मी ते पुसायला लावायची, रंग नको या अटीत कुंकू येतं म्हणून. मग वर यायची.

साठवलेली रजा अशी अर्ध्या-अर्ध्या दिवसानं बारवेत उतरत गेली.

“तुला तिथंच एखादी खोली बघू का?” आमचे हे म्हणाले. “कोनाडे रिकामे आहेत.”

फेब्रुवारीच्या सभेत मी राजीनामा दिला. कारण स्पष्ट लिहिलं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन. सगळ्यांना वाईट वाटलं. एका बाईंनी डोळ्यांसाठी गाजराचा रस सांगितला. खजिनदार म्हणाले, थेंब माझ्याकडून न्या, एक पैसा घेणार नाही. अण्णा म्हणाले, “ताई, तुम्ही गेल्यावर दाखवायचं कुणी?” सगळ्यांनी पुन्हा माझ्या वहीकडं पाहिलं. इतिवृत्त मलाच लिहायचं होतं, म्हणून मीच लिहिलं: सचिवांचा राजीनामा सभेपुढं आला. सर्वानुमते विचारार्थ ठेवण्यात आला.

त्या रात्री आईचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला.

“काल गॅसवर दूध ठेवलं आन् शेजारच्या बर्नरला काडी लावली,” ती म्हणाली. “दूध थंड आन् बर्नर लाल. लई येळ बघत बसले, उतू का जाईना म्हणून.” ती हसत होती. मी हसले नाही.

गुढीपाडव्यानंतर आई स्वतःच आली. पाचोडच्या बसस्टँडवर कुणालातरी पाटी वाचायला लावून एसटीत बसली, सिडकोला उतरली, तिथून रिक्षा. दारात उभी राहिली, एका हातात पिशवी, एका हातात काठी, आणि माझ्या खांद्याच्या थोडं डावीकडं बघत म्हणाली, “तू यायनास, म्हणून म्हटलं आपणच जावं. बारवेचं झालं की येते म्हणालीस. मी बारवेवरच आले.”

ऑपरेशन इथंच केलं, उजव्या डोळ्याचं. सुटी मार्चअखेरीबरोबर गेली होती. नव्या वर्षाच्या खात्यातली काढली. दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीचा धूर नाही. शेवटचं तर आमच्या फ्लॅटात सोपंच होतं. आईनं काळा चष्मा लावला आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीतून म्हणाली, “ती पलीकडची बाई रोज हिरवंच पातळ का नेसती?”

मग एक अडचण आली. तिला एकटीला घरी ठेवून मी बारवेवर जायची नाही, आणि बारवेवरचे फोन तर थांबत नव्हते. म्हणून मी संध्याकाळी आईला घेऊनच जायला लागले. कठड्यावरच्या कडुनिंबाखाली तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. ती तिथून सगळं बघायची. कोण कुणाचं, कुठली सून कुठून केली, हे तिला आठवड्यात कळलं. मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

वैशाखातल्या एका रविवारी मी तिला तिथं बसवून खजिनदारांच्या दुकानात थेंब आणायला गेले. ओळखीच्या गिऱ्हाइकाशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या, म्हणून थांबावं लागलं. परत आले तर बारवेवर माणसं. आई खुर्ची सोडून कठड्याला टेकून उभी होती, काठी वर करून दाखवत होती. “तो बघा. लाल झाक मारतोय तो. तो तुमचा.” खाली एक घर त्या दगडावर हात ठेवून उभं होतं. तो दगड त्यांचा नव्हता. वायरमनचा होता.

“आई,” मी म्हणाले.

“आले का थेंब? थांब जरा, एवढ्यांचं होऊ दे.”

तिनं त्या तासाभरात कितीजणांना दाखवलं, ते मी नंतर विचारून विचारून जमवलं. निम्मी घरं चुकली होती. दोन घरांना एकच दगड गेला होता, आणि दोन्ही घरं खुश होती. दोघांनीही फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते. काहींनी आपला दगड ठाऊक असून तिनं दाखवलेला घेतला, कारण तो पहिल्यापेक्षा वरचा होता. भांडण एक झालं नाही.

“कशावरून दाखवत होतीस?” मी घरी विचारलं.

“माणसं बघून. आता दिसतंय ना मला.”

“अगं, ठरलेलं आहे प्रत्येकाचं.”

“असंल. पण तू बोट ठेवतीस तवा ते दगडाकडं बघत्यात. मी दाखवते तवा माझ्याकडं बघत्यात.”

याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. मनातल्या मनात चुकांची यादी लावत होते. बहुतेक सोप्या होत्या. कमळवाल्यांना दुसरी ओळ की तिसरी, यानं काही बुडणार नव्हतं. मी ठरवलं, जाऊ द्या. खरोखरच ठरवलं. स्टोअरमध्ये असं मी आयुष्यात म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. आता आईबरोबर पाचोडला जावं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिला तिथल्या तालुक्याच्या शिबिरात करायचं होतं, पाऊस लागायच्या आत, कारण पत्र्याला कुठं भोक पडलंय ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

“आणि मेंढरंवाल्या मावशी आल्या होत्या का?” मी सहज विचारलं.

“आल्या की. गोड बाई हाय. तिला वरची दाखवली, हौदाजवळची. म्हातारीचे गुडघे दुखत्यात, तिला कुठं तळापर्यंत उतरवायचं?”

“काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार. बरं म्हणाली. थोडा येळ बसली त्या दगडावर. मग म्हणाली, उद्या मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला निघालोय, मिरगाला येऊ.”

“आणि खालची पायरी?”

“ती अध्यक्षांना. त्यांचे व्याही आले होते, दहा-बारा माणसं, चांगली माणसं. एवढ्या मोठ्या घराला काय मधली दाखवायची?”

“अण्णा काय म्हणाले?”

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. “काय नाय म्हणाले,” ती म्हणाली. “व्याह्यांना घेऊन खाली गेले.”

आईला माहीत नव्हतं. अण्णांना होतं. ते जानेवारीतही काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. कुलूप होतं. धाकट्या मुलाला फोन केला, तो मुकुंदवाडीकडं साइटवर होता. म्हणाला, आईकडं फोन नाय, भावाचा लागला तर लागला. भावाचा लागला नाही.

मग अण्णांकडं गेले. ते ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला, आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, “ताई, आईसाहेबांनी काल काम सोपं केलं. सगळ्यांचं दाखवून झालं. आता तुम्ही निवांत पाचोडला जा. राजीनामा मंजूर करून टाकू. दुसरा डोळा महत्त्वाचा.”

महिन्यामागून महिने मी हेच ऐकायची वाट पाहत होते. चहा आला. कपबशी मी दोन्ही हातांनी धरली. “अण्णा, ती खालची पायरी,” मी म्हणाले.

“हां. व्याह्यांना लई आवडली. त्यांच्या गावात बारव नाही. आता ते म्हणतात, पुढच्या वर्षी आसरांची ओटी आमच्या लेकीच्या हातानं भरायची.” ते हसले. “चहा घ्या, निवतोय.”

मी चहा घेतला. उठून बाहेर पडले तेव्हा मी काहीही सांगितलेलं नव्हतं. मावशी तिथं नव्हत्या. त्यांच्या माघारी मी ओट्यावर बोलले असते आणि अण्णांनी मान डोलावली असती, तरी पुढच्या रविवारी पायरी अण्णांचीच राहिली असती. हे चारचौघांत, बारवेवर, मावशी समोर असताना सांगावं लागणार. म्हणजे मिरगाला, जूनच्या पहिल्या पावसात. म्हणजे सचिव असताना. राजीनामा मंजूर झालेल्या बाईचं बोट कुणी मानत नाही.

घरी आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिनं माझी रिकामी बॅगही काढून ठेवली होती.

“झालं का बारवेचं?” ती म्हणाली. चष्म्याआडून तिचा तो एक डोळा आता नेमका माझ्या तोंडाकडं बघत होता, खांद्याकडं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं. मग रागही आला, अण्णांचा आणि थोडा माझाही.

“मला आधी सांगायचं ना कुणाची हाय ती. मी त्या बाईला हाताला धरून तळापर्यंत नेलं असतं.” मग ती पिशवीकडं वळली. “शिबिर कवा हाय?”

“मिरगाच्या आधी. आणि पुढं महिनाभर थेंब.”

“मग?”

मी वही काढली. येत्या सभेपुढचे विषय लिहायचे होते. राजीनाम्याचा विषय पहिला होता. त्यावर रेघ मारली, मग ती रेघ खोडली, तसाच ठेवला. आई समोर बसून बघत होती. आता तिला अक्षरं दिसतात, फक्त वाचता येत नाहीत.

“काय लिवलंस?”

“सर्वात खालची पायरी मेंढरंवाल्या मावशींची आहे, हे अध्यक्षांना सर्वांसमोर सांगणे,” मी वाचून दाखवलं.

“आन् पुढं?”

पुढं मी कामाचा शेरा लिहिते. त्या रकान्यात तेव्हा लिहिलं, तेच आजही आहे: बाकी.